न जुळणाऱ्या सहीबाबत

प्रति,
मा. निबंधक,
भौतिकोपचार परवाना मंडळ, दुसरा मजला.

विषय : फिजिओथेरपिस्टविरुद्धची माझी तक्रार सही जुळत नाही म्हणून पुन्हा परत न पाठवण्याबाबत (अर्ज चौथा).
संदर्भ : आपली दोन पत्रे, दोन्हींचा मजकूर एकच.

महोदय,

मी शिवणकाम करते. माझे उजवे मनगट मोडले होते. प्लास्टर निघाल्यावर व्यायामासाठी आमच्या भागातील परवानाधारक फिजिओथेरपिस्टकडे जाऊ लागले. चौथ्या दिवशी त्यांनी एका हाताने फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने माझे मनगट मागे दाबले. कट् असा आवाज झाला, मी ओरडले. "बघा, मोकळं झालं!" असे म्हणून ते पुन्हा फोनवर बोलू लागले. एक्स-रेत हाड पुन्हा मोडलेले निघाले. आता बोटे मिटत नाहीत, कात्री धरवत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तक्रार केली, ती परत आली. कारण सही ओळखपत्रावरील सहीशी जुळत नाही. ती जुळत नाही हीच माझी तक्रार आहे, असे दुसऱ्या अर्जात नम्रपणे कळवले. तोही त्याच कारणाने परत आला. तिसरा स्वतः घेऊन आले, तर खिडकीवरचे कारकून म्हणाले, "बाई, आधी सही नीट करा, मग बघू." नीट करता आली असती तर मी आपले जिने कशाला चढले असते?

अंगठा चालेल का, असे विचारले. चालेल म्हणाले, मात्र हात निकामी असल्याचा दाखला हवा, तोही अर्जदाराच्याच भागातील परवानाधारक फिजिओथेरपिस्टचा. आमच्या भागात ते एकच आहेत. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! तरीही गेले. त्यांनी हात न पाहताच लिहून दिले, "हात उत्तम. सही करण्यास हरकत नाही."

मला अतिशय संताप आला आहे. हा अर्ज माझ्या जाऊबाईंनी लिहिला असून मी सांगितलेले चार शब्द त्यांनी गाळले आहेत. माझे काम गेले ते गेले. निदान चौकशी होईपर्यंत या गृहस्थांना दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नये, एवढीच विनंती आहे.

कारण दाखल्यासाठी बसले असता शेजारी नुकतेच प्लास्टर निघालेल्या एक बाई होत्या. मी त्यांना म्हटले, "उठा, माझा हात बघा आणि घरी जा." त्यांनी भिंतीवरच्या, गेल्याच महिन्यात नूतनीकरण झालेल्या परवान्याकडे बोट दाखवले. म्हणाल्या, "अहो, काहीतरीच काय! खाली निबंधकसाहेबांची सही आहे की."

आपली, अजून तरी नम्र,
अर्जदार
(सही जशी जमली तशी)
दिनांक : १७ मार्च

सोबत : दोन्ही वेळचे एक्स-रे, परत आलेले तीन अर्ज, हात उत्तम असल्याचा दाखला.