एरियलवरची राखी

दिवाळे कोळीवाडा, बेलापूर
११ सप्टेंबर

प्रिय हरेशदादा,

नमस्कार. घरी सगळं ठीक आहे. अबोली शाळेत जाते. तुझ्या वाटणीचे मोदक ठेवले होते, ते तिनेच फस्त केले. मी रबाळ्याच्या लॅबमधून थेट इकडेच आले, सीवूड्सला घरी गेलेच नाही.

गणपती पोचवून दुसऱ्याच दिवशी तू वहिनीशी भांडून बोट काढलीस. तेव्हापासून वायरलेसवर तुझा एक शब्द नाही. गावाने ठरवूनच टाकलंय, हरेश रुसलाय. तुझा स्वभाव ठाऊक असल्यामुळे मीही हसले. गोजरावहिनी रोज संध्याकाळी जेट्टीवरच्या मच्छीमार सोसायटीच्या सेटवर बसते. "जेवलास काय? पुरे झाला आता राग," म्हणते आणि बटण सोडून थांबते. मग माइक आपटते. "नाय बोलत. नको बोलू!"

काल लॅबमध्ये तुझ्या बोटीवर आहे त्याच बनावटीचा सेट तपासायला आला. इशू मीटरचे काटे बघण्याचा पगार घेते, असं तू चिडवतोस ना? तर ऐक. सेटच्या आत एक ट्रान्झिस्टर असतो, तो तुझा आवाज ताकदीने बाहेर फेकतो. आम्ही ती ताकद मोजतो, पण एरियल लावून नाही. तिच्या जागी डमी लोड जोडतो. येईल ते सगळं तो निमूट गिळतो, उलट काही परत पाठवत नाही. आपल्या काकांसारखा गरीब. त्याच्यावर सेट हमखास पास होतो.

मोजता मोजता मला नारळी पौर्णिमा आठवली. अबोलीला भाऊ नाही, म्हणून ती दरवर्षी बोटीलाच राखी बांधते. यंदा तिला ती सगळ्यात उंच हवी होती. तू तिला खांद्यावर घेतलंस आणि नव्याकोऱ्या एरियलला ती ताटाएवढी जरीची राखी बांधलीत. वाऱ्याने उडू नये म्हणून वरून तांब्याच्या तारेचे वेढे दिलेस. "बाबा, पुढच्या नारळी पुनवेपर्यंत काढायची नाय हां," ती म्हणाली. तू शब्द दिलास. रोज हेच मोजणारी मी खाली उभी राहून फोटो काढत होते.

मी लॅबमधल्या सेटला एरियल लावली आणि तशीच तार गुंडाळली. बाहेर जाणारी ताकद अडून उलटी ट्रान्झिस्टरवर येऊ लागली. तो तापत गेला, आवाज क्षीण होत गेला आणि शेवटी बाहेर काहीच जाईना. मागच्या फेरीला तुझा आवाज बारीक येत होता, आठवतं? ऐकू येणं मात्र पार बंद होत नाही. आणि बोलताना लागतो तो लाल दिवा, तो तर लागतच राहिला. दादा, तो दिवा बटण दाबल्याचा आहे, आवाज पोचल्याचा नाही.

वादळी वाऱ्याचा इशारा आहे. राखी काढ, परत फिर, असं आज मी वायरलेसवर घसा बसेपर्यंत सांगितलं. बाकीच्या बोटी आल्या. तटरक्षक दलालाही कळवलंय. आपल्या वाड्यातला दिलीप तुझ्या नेहमीच्या जागेकडे बोट घेऊन निघतोय. नवा सेट, नवी एरियल आणि हे पत्र त्याच्याकडच्या पेटीत आहे. जुना सेट आता कामाचा नाही, हाच लाव. एरियलला काही बांधू नकोस. अबोलीची समजूत मी घालेन.

वहिनीला मी सेट बिघडलाय एवढंच सांगितलं. पुढचं बोलायला जीभ रेटत नाही. इशारा ऐकून तू रुसून थांबणारा नाहीस, निघालाच असतास. आला नाहीस, म्हणजे तुला येता येत नाहीये. मग तू मदत मागितली असशील. लाल दिवा बघून तुला वाटलं असेल, घरच्यांनी ऐकलं, निघाले असतील. आणि कुणीच आलं नाही.

वहिनी "जेवलास काय" विचारून थांबते ना, तेव्हा तू बोलत असशील, दादा. आम्ही त्यालाच रुसवा म्हणत होतो.

पेटी तुझ्याच हातात पडो. दिलीपने ती बंदच परत आणू नये, एवढंच एकविरेकडे मागते.

जेट्टीवर सेटला कान लावून बसलेली,
तुझी इशू