लाल पाण्याचं पहिलं फुलपात्र

मामा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता गावात तुम्हाला कोणी वाईट म्हणत नाही. मला त्याचाच संशय येतो. मास्तर पेन्शनीत निघाल्यावरही गावासाठी झिजले, घर सांभाळलं, बहिणीचं पोरकं पोर पोटच्यासारखं वाढवलं, असं सगळे म्हणतात. ते पोरकं पोर मी. लोकांसमोर मीही मान डोलावतो. पण 'पोटच्यासारखं' या शब्दाशी दर वेळी अडतो, कारण विहिरीवरचा तो दिवस माझ्या मनातून गेलेला नाही.

त्या वर्षी जत्रा झाली आणि गावात पटकीची साथ शिरली. चिकोडीहून सरकारी माणूस आला, विहिरीत लाल औषध टाकून, कानडीत काहीतरी समजावून निघून गेला. पाण्याला जांभळट लाली चढली आहे. बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या आहेत. पाणी गाळून पिणाऱ्या जैनांच्या घरची आक्का फडक्यातून पुन्हा पुन्हा गाळून बघते, रंग काही जात नाही. तुम्ही समजावता आहात की पाणी चांगलं आहे, यानंच पटकी थांबेल. "व्हय की," एक म्हातारा म्हणतो, "रंग झ्याक हाय. शिमग्याला ठेवूया." लोक हसतात, पण पोहरा कोणी सोडत नाही. मग मागून आवाज येतो, "मास्तर, सरकारची पेन्शन खातासा तुमी. आधी तुमच्या पोराला पाजा, मग आमाला शिकवा." तुमचा मुलगा, आमचा दादा, माझ्या शेजारीच उभा आहे. ओठ घट्ट मिटलेले, सदऱ्यावर छातीशी एक तपकिरी डाग. तुम्ही फुलपात्र भरता. त्याच्याकडे बघता, मग माझ्याकडे बघता, आणि म्हणता, "ये रे, तू पी."

मी प्यालो. गंजका खिळा जिभेवर ठेवावा तशी चव होती. उरलेलं तुम्ही प्यालात. घागरी भरू लागल्या, आणि त्या गडबडीत एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघितलंस गं? पोटचं मागं ठेवलं, भणीचं फुडं केलं." तुम्हाला ते ऐकू गेलं होतं, फुलपात्र पुसणारा तुमचा हात थांबला होता. एक वेलांटी चुकली तर अख्खं पान पुन्हा लिहायला लावणारे तुम्ही, त्या बाईचं वाक्य मात्र दुरुस्त न करता सोडून दिलंत. मी वाट पाहत होतो, मामा. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, पुढे बरेच दिवस.

त्यानंतर मी घरात डोळे उघडे ठेवून जेवू लागलो. मामी कुणाच्या भाकरीवर किती लोणी ठेवते ते बघायचो. माझा गोळा मोठा असला तर वाटायचं, भरपाई चालली आहे. लहान असला तर वाटायचं, हेच खरं. दिवाळीला दादाला आणि मला एकाच ताग्यातलं कापड आलं, तेव्हा वाटलं, हे गावाला दाखवायला. कंदिलाशी शेजारी बसवून तुम्ही माझा शुद्धलेखनाचा सराव घ्यायचात, दादाचा नाही. त्यातही मी कारण शोधत बसायचो. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. माझी शाळा सुटली आणि मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत चिकटलो. दादाला एकदा विचारलं होतं, तू त्या दिवशी प्याला होतास का. तो हसला. "व्हय असंल, न्हाय असंल. कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय रं ते?"

यंदा आपल्या गावात पुन्हा पटकी आली आहे. औषधाच्या पुडीवरचं वाचता येतं म्हणून पंचांनी ते माझ्याच हातात दिलं. मी सगळं पुन्हा पुन्हा वाचलं, तरी माझा विश्वास बसेना. कशावरच चटकन बसत नाही. म्हणून आज सकाळी विहिरीवर जाण्याआधी स्वयंपाकघराचं दार लावून तांब्यात थोडं औषध कालवलं. आधी मी प्यालो, मग माझ्या मुलीला पाजलं. दादाचा मुलगा सध्या आमच्याकडेच असतो. तो अजून झोपला होता. त्याला उठवावं असं मनातही आलं नाही. दुसऱ्याचं लेकरू, काही कमीजास्त झालं तर दादाला तोंड कसं दाखवायचं? मुलीनं अर्धं गिळलं, अर्धं थुंकलं. पोलक्यावर लाल ओघळ आला. तिला काही होत नाही हे बघत बसलो, मग दोघांना घेऊन निघालो. विहिरीवर पोचेपर्यंत तो ओघळ सुकून तपकिरी झाला होता.

तिथे माणसं तीच म्हणायची, नुसते चेहरे बदललेले. "आधी लेकीला पाज की," कोणीतरी म्हणालं. मी फुलपात्र तिच्या तोंडाशी नेलं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली. सकाळची चव ती विसरली नव्हती. सगळे बघत होते. मी दादाच्या मुलाकडे वळलो आणि म्हणालो, "ये रे, तू पी." तो मुकाट्यानं प्याला. मग त्यानं आधी तिच्याकडे बघितलं, नंतर माझ्याकडे. ते बघणं मला चांगलं ओळखता येतं.

दादाच्या सदऱ्यावरचा डाग कशाचाही असेल, मामा. सुपारीचा असेल, चिखलाचा असेल. मला खात्री नाही, आणि ती देणारं आता कोणी नाही. पाठवायचं नसलेलं हे पत्रही मी वेलांट्या तपासून लिहितो आहे, एवढं मात्र तुमचं माझ्यात उरलं आहे.

आज जेवताना त्या पोराला सांगणार होतो की तिला घरी आधीच पाजलं होतं. तो भाकरी पुढ्यात घेऊन बसला होता आणि तिच्या ताटातलं लोणी बघत होता. सांगितलं असतं तरी त्याला ते खरं वाटलं नसतं. मलाही वाटलं नसतं.