उभी डिस्क

३ फेब्रुवारी

दादाची हार्ड डिस्क गेली! आज लावली तर नुसतं टक्-टक्. तो गेल्यापासून घरात त्याचा आवाज उरला होता तो एवढाच — पुतणीसाठी वाचून ठेवलेल्या गोष्टी, मधेच त्याचं खोकणं, हसणं. दुसरी प्रत नाही.

मी सगळ्यांदेखत वहिनीवर घसरलो. "पुस्तकासारखी उभी कोण ठेवतं? डिस्क आडवीच ठेवायची असते. उभी ठेवली की आतली चकती झिजते!" कुठे ऐकलं होतं, देव जाणे. पण इतक्या ठसक्यात बोललो की आईने लगेच मान डोलावली. वहिनी म्हणाली, "जागा नव्हती, भावजी," आणि आत निघून गेली.

५ फेब्रुवारी

आई वहिनीशी बोलत नाही. जेवताना पुतणी म्हणाली, "आईनेच बाबांचा आवाज घालवला." वहिनी पोळ्या वाढत राहिली. मी खाली मान घालून जेवलो.

६ फेब्रुवारी

डिस्क दुरुस्तीवाल्याकडे टाकली.

९ फेब्रुवारी

दुरुस्तीवाल्याचा फोन. काहीही परत मिळणार नाही. मी आपलं पालुपद लावलं — उभी ठेवली होती ना, म्हणून! तो हसला. "उभी ठेवा, आडवी ठेवा, उलटी ठेवा. तिला काही फरक पडत नाही. चालू असताना कुणी हलवली का? चकती फिरत असताना आपटली, की आतलं टोक तिच्यावर घासतं. मग संपलं."

चालू असताना.

डिस्क बंद पडायच्या आधीच्या रविवारी घरात कुणी नाही असं समजून मी दादाचा आवाज लावला होता. समोर डिस्क उभी दिसली. डोकं फिरलं. तशीच आडवी केली — केली कसली, आपटली! आवाज तिथेच अडकला. कॉम्प्युटर अडला असेल म्हणून बंद करून उठलो.

शरमेने कान तापलेत. मोठा शहाणा मी! उद्या वहिनीला सांगतो.

१० फेब्रुवारी

नाही सांगितलं. भित्रा कुठला. आईने आज वहिनीच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही, आणि मी तिथेच बसून माझा प्यालो.

११ फेब्रुवारी

सांगितलं. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "माहीत आहे. मी दारातच होते त्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही ह्यांचा आवाज ऐकत रडत होतात. तेही सांगावं लागलं असतं."

आई आणि पुतणी आतल्या खोलीत आहेत. सांगायला जातो.