पावडरीचा नैवेद्य

आई, उद्या सकाळी तुझ्या सुनेचं रक्त तपासायचं आहे. तू तिला पाहिलं नाहीस. माझं लग्न झालं तेव्हा तुला जाऊन चार वर्षं झाली होती. तरी ती तुझ्या रीतीनं वागते, कारण ती रीत मीच तिला सांगितली, आणि गेला महिनाभर मला त्याचीच भीती वाटते आहे.

रीत तुला ठाऊकच आहे. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय घरातल्या बाईनं तोंडात काही घालायचं नाही. तळेघरला तुला ते जमायचं. चूल घरात, देव घरात, भाताचं खाचर हाकेच्या अंतरावर. इथं खोडदला आम्ही दोघंही उजाडायच्या आत बाहेर पडतो. मी पाच वाजता दुधाचा टेंपो काढतो. ती स्वयंपाक करून सहाच्या गाडीनं नारायणगावला टोमॅटो निवडायला जाते. पूजा माझ्याकडे, म्हणून नैवेद्य मी परत आल्यावर आठला दाखवतो. तोवर ती बाजारात क्रेटपुढे वाकलेली असते, उपाशी. हातातला माल संपल्याशिवाय उठता येत नाही, म्हणून डबा उघडते तो दुपारी दोनला. वीस वर्षं हे असंच चाललं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट बायको देवाची आहे म्हणून मी चारचौघांत बोललोही असेन.

गेल्या महिन्यात ती क्रेटांमध्येच कोसळली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापणीची आतली बाजू पाहिली, नखं पाहिली, मग रक्ततपासणीचा कागद पाहिला. म्हणाल्या, "अंगावरून फार जातंय, गर्भपिशवीचं ऑपरेशन करावं लागेल, पण एवढ्या कमी रक्तावर मी हात लावणार नाही. तीन आठवडे गोळ्या घ्या, आणि रिकाम्या पोटी राबणं आजपासून बंद." मला तुझा शेवटचा दवाखाना आठवला. अंगात रक्तच नाही, हे तुझ्याबाबतीतही कुणीतरी म्हणालं होतं. पण तेव्हा फार उशीर झाला होता.

तुला सांगायचं राहिलं, मला साखरेचा आजार आहे. पहाटेच्या फेरीत चहा, बिस्किटं, स्टँडवरचा वडापाव असं खाऊन साखर वाढली. वर्षापूर्वी याच बाईंनी मला एक पावडर सांगितली, एका वेळच्या जेवणाच्या जागी पाण्यात कालवून प्यायची. झाकणाच्या बाटलीत दोन चमचे टाकायचे, हलवायचं आणि गाडी सुरू करायच्या आधी पिऊन टाकायचं. आधी मला हसू यायचं. पण नऊपर्यंत पोट धरून राहतं, हात थरथरत नाहीत, साखरही आटोक्यात आहे. डब्यावर यादी आहे, प्रथिनं, तंतू, लोह, कॅल्शियम. तू म्हणाली असतीस, "येवढं समदं एका गिलासात? मंग चूल कशाला ठिवायची?" चूल आहेच, आई. दुपारी-रात्री भाकरी, डाळ, भाजी लागतेच, बाईंनीही ते बजावलंय. पण ज्या वेळेला बसून खाणं होतच नाही, तेवढ्या वेळेचं हे जेवण आहे. तुझी आंबील तरी दुसरं काय होती? भाताच्या आवणीच्या दिवसांत चिखलात उभ्या उभ्या, रोप हातातलं न सोडता तू किटलीला तोंड लावायचीस. नाचणी आणि ताक. तेवढ्यावर तू संध्याकाळपर्यंत वाकून राहायचीस.

तर मी तिला म्हणालो, उद्यापासून तूही ही पावडर घे. ती भाकरी थापत होती. मागं न बघता म्हणाली, "आन् नैवेद्य?"

"औषध समज."

"औषध न्हाई ते. तुमीच म्हन्ता जेवान हाय. जेवान असंल तर देवाच्या आधी मी घ्येनार न्हाई." मग वळली. "तुमाला बरं चालतं. टेंपोत देव नस्तो वाटतं?"

वर्षभर मी देवाच्या आधी पीत होतो. रीत बाईसाठी आहे असं मी धरून चाललो होतो, आणि ते तू मला सांगितलं होतंस की मी सोयीनं ऐकलं होतं, हे आता विचारायला तू नाहीस. पुढचे दोन दिवस ती तशीच उपाशी गेली. ती निघेपर्यंत मी टेंपो काढला नाही. सहाची गाडी हॉर्न वाजवायची आणि मी दाराशी जायचो. ती पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावते हे मला त्या दिवसांत दिसलं.

तेव्हा मला आवणीचा तो एक दिवस आठवला. मी बारावी झालेला, घोड्यासारखा वाढलेला. तू मला घरून आंबील आणायला पाठवलंस आणि मी रिकामी किटली घेऊन आलो. बांधावर पाय घसरला, सांडली म्हणालो. बाकीच्या बाया ओरडल्या. "शिकल्याला पोरगा, येक किटली धरता यीना!" तू मात्र हसलीस. "असूंद्या. भुईला निवद झाला." आणि पुन्हा वाकलीस. दुपारनंतर तू खाचरातच बसलीस, मग आडवी झालीस. उन्हानं झालं, असं सगळे म्हणाले. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं.

चिखलात सांडलेली आंबील नैवेद्य होऊ शकते, तर ही पावडर का नाही? तिसऱ्या दिवशीही मी टेंपो थांबवला. अंघोळ करून पावडर कालवली. घाईत पाणी गरम घेतलं आणि गुठळ्या झाल्या. पुन्हा गार पाण्यात केली. चांदीची वाटी काढली, वर तुळशीचं पान ठेवलं आणि देवापुढे पाणी फिरवलं. ती दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं, आता रागावेल. म्हणाली, "देव बी आता डाएट करनार व्हय?" मी डोळे मिटून बसून राहिलो. हॉर्न वाजला. तिनं वाटी उचलली, पान बाजूला सारलं आणि एका दमात प्याली. "वरनापेक्षा बरं हाय," म्हणाली आणि गेली.

आज एकवीस दिवस झाले, आणि टेंपो आता सहानंतरच निघतो. रोज आधी देव, मग ती, मग मी. भिंतीला हात लावते की नाही, ते मी खिडकीतून बघतो. काल लावला नाही. पण उद्याच्या कागदावर काय येईल, मला ठाऊक नाही.

आता ती बाजारात आहे, घरात मी एकटाच. हा कागद घडी करून पावडरीच्या डब्याखाली ठेवीन. तो डबा माझ्याशिवाय कुणी हलवत नाही. तुला पोचणार नाही म्हणूनच एक लिहितो. माझा पाय घसरला नव्हता. वाटेत जांभळीखाली बसून मी सगळी आंबील पिऊन टाकली होती. आणि भूकही नव्हती, आई. घरी जेवून निघालो होतो. गार होती, गोड लागली, एवढंच.