चेतनाचा चेंडू काहून सटकतो?

आंधळगाव, सोमवार, दिवेलागण

डोकं फिरलं आहे. मी शाळेत तयार केलेल्या तीन पोरी नागपूरच्या बेसबॉल शिबिरात आहेत. कोण कशी खेळते ते फोनवर विचारून वहीत लिहितो. दोघींचं बरं चाललं आहे. पण चेतना, माझी सगळ्यात चांगली पिचर, तिचा चेंडू आठ दिवसांपासून हातातून सटकतो. काहून? काल आमच्या धानाच्या बांधावर उभा राहून तिथल्या प्रशिक्षकाला फोनवर चांगला झापला. तुम्हीच तिची पकड बिघडवली म्हटलं.

आज त्याचाच फोन. म्हणे, तिची बोटं सोलली आहेत आणि ती कारण सांगत नाही.

बायकोला सांगितलं तर ती भांडी घासता घासता म्हणाली, "सोलतीलच. दोन रविवार शिबिराच्या सुट्टीत धानाच्या रोवण्याले येऊन राहिली ते. तिच्या आईले ताप आहे, बायांच्या टोळीत एक हात कमी नको पडाले, म्हणून तिच्या जागी."

"कोणाच्या शेतात?"

"आपल्याच. काल तुम्ही बांधावर फोनवर ओरडून राहिले होते ना, तवा तुमच्या मागंच वाकून होती."

मला दिसली कशी नाही? पोरीची बोटं माझ्याच चिखलात सोलली आणि मी पकड शोधत बसलो.

"मले काहून नाही सांगितलं?"

"चेतनाच म्हणाली, सरले नका सांगू काकू. वहीत लिहितील."

आणि मी लिहूनच राहिलो आहे.