अंड्याचे दोन हंस

३ नोव्हेंबर, सोमवार

ठरलं. कॉलेज सोडल्यापासून जे शोधून राहिलो होतो ते सापडलं. पार्टीसाठी अंड्याचे क्रिएटिव्ह पदार्थ करून विकायचे. नांदेडात पार्टी म्हटली की अंडं उकडायचं, मधोमध कापायचं, वर मीठ-मसाला भुरभुरायचा, संपलं. कलेची कुणाला कदर नाही.

विशाखाला मेसेज टाकला. कॉलेजात ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. (कॉलेज मी सोडलं, मला काढलं नाही. सर हजेरीवरून आवाज चढवून बोलले, मी दार आपटलं. तेव्हापासून बाहेरच.) तिचा रिप्लाय आला, मला अंडी लई आवडतात. 'लई' लिहिलंय. नुसतं 'आवडतात' लिहून भागलं असतं.

अडचण एकच. मी अंडं खात नाही. आमच्या घरात कुणीच खात नाही. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग आहे, अन् निलंग्याहून निघताना आईला शब्द दिलाय. पण शब्द खाण्याबद्दल आहे, शिजवण्याबद्दल नाही. चाखायला आनंदराज आहे. रूम पार्टनर, लातूरचा, रेल्वेच्या ऑफिसात कारकून. डोक्याने जरा मंद, जीभ चांगली.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिला पदार्थ. आप्पेपात्रातलं ऑम्लेट, पोटात आमच्या गावच्या मसालेभाताचा, निलंगा राईसचा घास. असं आजवर कुणी केलेलं नाही.

जळलं. आप्पेपात्र बेक्कार आहे.

आनंदराजने वरचं काढून आतलं खाल्लं. म्हणाला, मीठ विसरला का? म्हटलं, हेल्दी आहे. म्हणाला, हाव, पण गिळंना. डोकं फिरलं. ताट हिसकावून घेतलं. नंतर परत दिलं, कारण चाखायला दुसरं कुणी नव्हतं.

आईचा फोन. काय करून राहिलास? म्हटलं, पार्टीचे स्नॅक्स. मागून वडील दुकानातून ओरडले, त्यात काय असतंय म्हणावं? म्हटलं, प्रोटीन. फोन ठेवता ठेवता ऐकू आलं, वडील गिऱ्हाइकाला सांगत होते, पोरगं प्रोटीनमध्ये हाय.

९ नोव्हेंबर, रविवार

संकल्प: यापुढे रागवायचं नाही. कलाकाराचं डोकं थंड पाहिजे.

सकाळी अंडीवाल्याशी भांडण झालं. मी आजचीच अंडी मागितली. तो म्हणाला, तारीख कोंबडीला विचारा. हे संकल्पाच्या आधी झालं असं धरू.

आज उकडलेल्या अंड्याची पिल्लं केली. गाजराची चोच, लवंगेचे डोळे. टरफल निघेना. निघालं ते अर्धं अंडं घेऊन निघालं. आनंदराज म्हणाला, माय म्हणती लई ताजं अंडं नीट सोलत न्हाई, चार दिवस राहू दे. म्हटलं, विशाखाला मी शिळं खाऊ घालू? तो टरफलं गोळा करायला लागला. मुद्दा बिनतोड असला की माणूस कामालाच लागतो. मग पिल्लांकडे बघून म्हणाला, ही रडून का राहिली? म्हटलं, एक्स्प्रेशन आहे ते.

संध्याकाळी डबा त्याच्याच हाती विशाखाकडे धाडला. मीच गेलो असतो, पण तिचे वडील घरी असतात, खामखा संशय. डबा रिकामा परत आला. धुऊन, पुसून. परक्याचा डबा कुणी पुसतं का?

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज अंडा-भेळ. डबा घेऊन आनंदराज चहाच्या वेळेला गेला, जेवायच्या वेळेला परतला. विशाखाचं घर चौकाच्या पलीकडे. म्हणाला, गुरुद्वाऱ्याकडे गर्दी होती. गुरुद्वारा उलट्या बाजूला आहे. असो. रेल्वेचा माणूस, उशिराची सवय असते.

विशाखाचा निरोप आणला, मिरं वाढव. आनंदराजलाही मिरं लागतं. काय योगायोग. म्हणजे तिची चव आता मला बरोबर कळायला लागली, मधे फक्त आनंदराज आहे.

त्याला म्हटलं, तिच्याकडे माझा विषय काढ. तो बराच वेळ बूट पुसत राहिला. म्हणाला, विषय तर निघतोच, पण तसा न्हाई. म्हटलं, कसाही निघू दे, निघाला म्हणजे झालं. त्याने नवीन शर्टही घेतलाय. डबा पोचवायला. धंद्याची इज्जत राखणारा माणूस आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

विशाखाचा फोन. तिने स्वतः केला.

पुढच्या रविवारी त्यांच्या गच्चीवर छोटी पार्टी. लातूरचे पाहुणे येणार. अंड्याचे पदार्थ तूच करायचे, म्हणाली. मग म्हणाली, तुझ्यामुळेच जमलं हे सगळं वीरेश, आईबाबांना भेटायचंय तुला.

फोन ठेवल्यावर नळ चालू राहिला. बादली वाहून खोलीभर पाणी झालं तरी रागावलो नाही.

पाहुणे लातूरचे का, हे उघड आहे. लातूरहून निलंगा जवळ. माझ्या घरची चौकशी करून आले असणार.

आता आईला कसं सांगायचं. दोन चुली मांडू. एक घरची, एक विशाखाची. तिच्या चुलीवर अंडी मी करून देत जाईन. सवय झालीच आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

प्लॅन पक्का. ताटभर अंडी, पिवळं काढून त्यात शेंगदाण्याची चटणी भरायची. मधोमध अंड्याचे दोन हंस, मुळ्याच्या माना. एक मी, एक विशाखा. माझ्या गळ्यात बीटाचा मफलर. चोचीला चोच. ताट समोर ठेवलं की तिला कळेल. तोंडाने बोलायची गरज नाही.

आनंदराजला कागदावर काढून दाखवलं. त्याने कागदाची घडी घातली. म्हणाला, वीरेश, तुला एक सांगायचंय. म्हटलं, मिठाचं असेल तर नको. म्हणाला, मिठाचं न्हाई. म्हटलं, मग तर नकोच, चार दिवस माझं डोकं खाऊ नको. म्हणाला, मी उद्या लातूरला चाललो, माय-बापाला आणायला. ऐन वेळेला चाखणारा गायब. आईबापांना नांदेड दाखवायला हाच आठवडा सापडला. किती स्वार्थी असावं माणसाने.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपार

मीठ अंदाजाने घातलं. अंडीवाल्याचा फोन आला, तडकलेली अंडी परत घ्यायला तयार नाही. त्याच्याशी भांडता भांडता चटणीत मीठ पडलं की नाही ते आठवेना. परत घातलं. कमी पडण्यापेक्षा बरं.

हंसांना खड्डे पडलेत. कोथिंबीर लावली. खड्ड्यांतून दिसणाऱ्या पिवळ्याला हिरवी कडा आली, ती शोभून दिसते. मी आंघोळ केली, अत्तर लावलं. ऑटोत ताट मांडीवर घेऊन जायचं. आज नांदेडात कुणाशी भांडायचं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. परत आल्यावर

लातूरचे पाहुणे म्हणजे आनंदराजचे आईबाप.

आनंदराज नव्या शर्टात सतरंजीच्या मधोमध बसला होता. मला वाटलं, विशाखाने चाखायला बोलावून घेतलं. म्हटलं, बरं झालं आलास, आधी मीठ बघ. विशाखाची आई महामायाबाई म्हणाल्या, अरे, जावईबापूंना आज तरी कामाला लावू नको. सगळे हसले. मीही हसलो. आधी हसलो, मग कळलं.

विशाखा वडिलांना म्हणाली, बाबा, हाच वीरेश, याचेच डबे घेऊन हे यायचे. 'हे' म्हणाली. वडिलांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, लई मोठं काम केलंस पोरा.

मग महामायाबाईंची नजर हंसांवर गेली. म्हणाल्या, बघा तरी, जोडी केली पोराने, नवरा-नवरी. फोटोसाठी दोघांना उभं केलं. आनंदराजने मला उचललं अन् विशाखाला भरवलं, मफलरासकट. विशाखाने विशाखाला उचललं अन् त्याला भरवलं. खाता खाता आनंदराजच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याची आई म्हणाली, माझं लेकरू मनाचं लई हळवं. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. मीठ. पण सगळं गिळलं त्याने. एवढं मी मान्य करतो.

पाहुण्यांनी पाण्याचा जार संपवला. विशाखाच्या वडिलांनी दुसरा मागवला.

आनंदराजची आई म्हणाली, बाळा, एवढं केलंस, तू बी खा की. म्हटलं, नको मावशी, आज सोमवार आहे माझा.

मावशींनी पाण्याचा ग्लास पुढे केला. ऑटोत बसल्यावर लक्षात आलं, आज रविवार.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज खराच सोमवार. उपास धरला. भूक नव्हतीच, सोपा गेला.

महामायाबाईंचा फोन. साखरपुड्याला तसेच हंस पाहिजेत, जरा मोठे. अन् मिठाचं तेवढं बघ बाळा. मी साफ नाही म्हणणार होतो. शब्द तोंडात तयार होता. हो म्हणालो.

आईचाही आला. काय करून राहिलास? म्हटलं, हंस. म्हणाली, जेवून घे.

आनंदराज नवरदेव. त्याला आता चाखायला सांगता येत नाही. दुसरा माणूस बघायला पाहिजे. या वेळी लग्न झालेला.