बद्रीदादाचा तपास

करमाड, ६ एप्रिल २०२४

चि. प्रेरणास आवडाआत्याचे अ. आ.

फोनवर मला निम्मंच ऐकू येतं, म्हणून पत्र. तुझ्या कादंबरीची कच्ची प्रत वाचली. बद्रीदादाच्या, म्हणजे तुझ्या बापाच्या, मासिकातल्या गोष्टींवर बोट फिरवत मी अक्षरं शिकले. आता तोच लेखक लेकीच्या पुस्तकात डिटेक्टिव्ह होऊन हिंडतोय म्हटल्यावर लई हरखले. पण बाई, हा कुठला माणूस उभा केलास? चार शब्द बोलत नाही, ज्याच्यात्याच्याकडं संशयानं बघतो. आमचा दादा औरंगपुऱ्यात भाजी आणायला गेला की गप्पा मारून रिकामी पिशवी घेऊन यायचा!

आणि देवीचे चांदीचे डोळे चोरले म्हणून मुंजाबा धनगराला दादाच्या हातून पोलिसांत देतेस? अगं, आपल्या गावच्या देवीचे ते डोळे खरंच हरवले होते. मुंजाबा गेला, पण त्याची बायको म्हाळसाबाई रोज माझ्या ओसरीवर बसते. हे छापून आलं तर तिला मी काय तोंड दाखवू?

माया आहेच,
आवडाआत्या

औरंगपुरा, ११ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न.

बाबांच्या पिशवीला हसले आणि मग रडले. ते गेले तेव्हा मी एवढीशी. पुस्तकांतले डिटेक्टिव्ह असतात तसे केले, दुसरे बाबा आणू कुठून? देवीच्या डोळ्यांची गोष्ट लहानपणी तूच सांगायचीस, पण गावानं मुंजाबावर आळ घेतला इथवर आलं की मला झोप लागायची. पुढचं मनानं रचलं. त्याचं नाव बदलते. प्रकाशक मात्र चोर पाहिजेच म्हणतात. खरं काय झालं होतं?

राग नसावा,
प्रेरणा

करमाड, १५ एप्रिल

चि. प्रेरणास अ. आ.

नाव बदलून भागायचं नाय. देवळामागं मेंढरं एकट्या मुंजाबाचीच बसायची, सारं गाव ओळखेल. आता झोपू नको, ऐक. दादानं देवीचा मुखवटा निरखला. ओरखडा नाही, डोळे चिकटवलेलं मेण तेवढं ओघळलेलं. उन्हानं मेण पातळ झालं अन् डोळे खाली ओटीच्या गव्हात पडले. गुरवाच्या घरी ते गहू पाखडले तर सुपात दोन्ही डोळे! पण तोवर गावानं मुंजाबाच्या घरचं पाणी पिणं सोडलं होतं. म्हणून दादा सगळ्यांदेखत त्याच्या दारात जेवायला बसला. चोर नाहीच गं, कुठून देऊ?

सांभाळून राहा,
आवडाआत्या

करमाड, २ मे

चि. प्रेरणास अ. आ.

नवं शेवटचं प्रकरण पोचलं. प्रकाशक कुरकुरला तरी चोर घातला नाहीस, बरं केलंस. म्हाळसाबाईला वाचून दाखवलं. दादा तिच्या दारात मांडी घालून सगळ्या गावाला जेवायला हाका मारतो, तिथं तिनं मला थांबवलं. म्हणाली, कालवण मेथीचं नव्हतं, हुलग्याचं होतं, अन् मागून मागून जेवला होता. मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, व्हय, हाच बद्रीभाऊ. पोरीनं बाप बराबर हुडकला.

तेवढं हुलग्याचं कर. बाकी आहे तसं छाप.

जीव आहेच, तुझाही असू दे,
आवडाआत्या